साहेब चांगला आहे, हे कशावरून ओळखायचं?

(नुकत्याच नोकरीला लागलेल्या पदवीधरांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी ‘साहेब’ म्हणजे मुकादम. हजेरी मांडणारा, खाडा लावणारा, मर्जी असली तर हलकं काम देणारा. माझ्या वडिलांनी आयुष्यभर मुकादमाच्या हाताखाली काम केलं. तो ओरडला नाही, एवढ्यानेही तो आम्हाला चांगला वाटायचा. आज ऑफिसातला मॅनेजर दोन शब्द गोड बोलला की आपण तसेच खूश होतो. पण गोड स्वभाव ही मेहेरबानी असते, आणि मेहेरबानी कधीही काढून घेता येते. म्हणून स्वभाव बघू नका, तीन गोष्टी बघा.

पहिली, कामाची वाटणी. मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगार होते, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्याची दारं त्यांना बंद होती. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, तिथे विटाळ आडवा येई. भरती जॉबरच्या हातात, आणि जॉबर आपल्या गावची, नात्यातली माणसं आणी. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला. आज धोटा नाही, पण विचारा: क्लायंटसमोर दरवेळी कोण बोलतं? आणि वर्षानुवर्षं नुसते आकडे कोण भरतं? चांगला साहेब ही कामं आळीपाळीने देतो आणि कुणाला काय दिलं ते सगळ्यांना सांगतो.

दुसरी, जागेवर जाऊन बघणं. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा खाणीत उतरले, मजुरांची घरं पाहिली. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. बघून आल्यावर नुसती हळहळ नाही, पैशाची कायमची तरतूद. साहेबाने आपलं ऐकलं की नाही, हे त्याने मान किती हलवली यावरून कळत नाही. पुढच्या महिन्यात काय बदललं, यावरून कळतं.

तिसरी, शेरा. ‘देव दत्त विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ असे शेरे लागत होते. एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा पडला होता, आणि तो त्या अधिकाऱ्याला कळवलाच नव्हता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा, अगदी ‘चांगला’सुद्धा, ज्याचा त्याला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर दाद मागता येईल. खाजगी नोकरीतही मोकळेपणाने विचारा: माझ्याबद्दल काय लिहिलंय? कशाच्या आधारावर?

आता थोडं अवघड बोलते. उद्या तुम्हीही टीम लीडर व्हाल, शाखाधिकारी व्हाल, मुख्याध्यापक व्हाल. तेव्हा घरचे, वस्तीतले म्हणतील, ‘आपल्या माणसाचं बघ.’ त्यात चूक नाही. इतरांनी पिढ्यानपिढ्या तेच केलं. पण तुम्ही आपल्या माणसांचे जॉबर झालात, तर तुमच्यानंतर येणारा त्याच्या माणसांचा जॉबर होईल, आणि आपली पोरं पुन्हा दाराबाहेर. त्यापेक्षा नियम लिहून भिंतीवर लावा. जागा कधी निघणार, बढतीला काय लागतं, रजा कशी मिळते, हे सगळ्यांना एकाच वेळी सांगा. ज्यांचे काका-मामा ऑफिसात असतात त्यांना हे घरीच कळतं. ज्यांचं कुणी नाही, त्यांना त्या कागदाचाच आधार असतो. आपल्या माणसाचं बघणं म्हणतात ते हेच.

आणि ज्याने काम केलं त्याचं नाव मेलमध्ये घाला. आडनाव काहीही असो.

जय भीम.