पांढऱ्याला रंग किती?

काशीत राहून मराठी बोलणाऱ्या मुलामुलींनो,

नाटकाची मंडळी पडद्यामागे रंग लावून ताटकळलीत, म्हणून मी एकच गोष्ट सांगणार आहे.

बाहेर तुमची चित्रं बघितली. बहुतेकांनी घाट काढलेत. हात चांगला आहे. पण घाटावर छत्र्या, नावा, माणसं एवढी की उजेडाकडे बघायचं राहूनच जातं. १९६०च्या सुमारास चित्रकार रामकुमार इथे आले, सोबत आपले पंढरपुरात जन्मलेले चित्रकार हुसेन. पुढे रामकुमारांच्या काशीतून माणसं जवळजवळ नाहीशीच झाली. उरली एकमेकांना खेटलेली घरं.

तुम्ही त्याहून सोपं करा. एक पांढरी कपबशी घ्या, एक अंडं (घरात चालत नसेल तर शंख, काशीत त्याला तोटा नाही), आणि खाली आजोबांचं धुतलेलं धोतर. बोलोन्याचा चित्रकार मोरांदी जन्मभर मुख्यतः बाटल्या-भांडी रंगवत बसला. काचेची चकाकी नको म्हणून काही बाटल्यांना तो चक्क रंग फासायचा.

आता डोळे किलकिले करून अंड्याकडे बघा. उजेडाची बाजू, मग हळूहळू गडद होणारा पट्टा, आणि सावलीच्या अगदी कडेला पुन्हा थोडं उजळ. तो धोतरावरून परतलेला उजेड. अंडं कापडाला टेकतं तिथली बारीक रेघ सगळ्यांत काळी. शेजारी झेंडूचं फूल ठेवलंत तर अंड्याच्या पोटावर केशरी झाक येते. पांढरी वस्तू समोरच्याचा रंग उचलते, हे लिओनार्दोनंही लिहून ठेवलंय.

या अभ्यासाला तुमच्या गावासारखं गाव नाही. गंगा इथे उत्तरवाहिनी, शहर पश्चिम काठावर, घाटांची तोंडं पूर्वेला. सकाळी पलीकडच्या रेतीवरून ऊन थेट दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर येतं. तेव्हा तिथे ठेवलेल्या कपाची उन्हातली बाजू पिवळसर दिसते आणि सावली आभाळाचा निळा घेते. दुपार कलली की घाट शहराच्याच सावलीत जातो. कप तोच, जागा तीच, पण आता सगळाच निळसर राखी. तो राखी रंग उन्हातल्या करड्या दगडापेक्षाही गडद असतो. पटत नसेल तर सकाळचं आणि दुपारचं अशी दोन्ही चित्रं शेजारी ठेवा.

चित्रकलेच्या ग्रेडच्या परीक्षेसाठी वस्तुचित्र घोटणारी मुलं सावलीत सरसकट काळा मिसळतात. माझं ऐकाल तर महिनाभर काळा डबीतून काढूनच ठेवा. जलरंगवाल्यांनी पांढराही. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात चित्रकार हळदणकरांची दिवा धरलेली स्त्री आहे. पुष्कळ जण ते चित्र राजा रविवर्म्याचं समजतात, पण ते आपल्या सावंतवाडीच्या माणसाचं, आणि तेही जलरंगातलं. जलरंगात उजेड ट्यूबमधून येत नाही, तो कागदाचा असतो. रंग लावताना तेवढी जागा सोडायची.

बरं, बक्षिसांची यादी कोणाकडे आहे?