छत्तीसचा आकडा

मला पोहता येत नाही. खाडीकाठी जन्मलेल्या, खलाशाच्या मुलाने हे असं रेडिओवर जाहीर सांगावं की नाही, मला ठाऊक नाही. पण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी लायकी किती, हे श्रोत्यांना आधीच कळलेलं बरं. समुद्राखाली काय आहे ते मी फक्त ऐकून आहे, आणि जे ऐकलं त्यातलं बरंचसं माझ्या भाचीकडून.

ही भाची पुण्यात एका कंपनीत नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की पाण्याखाली जाते. तारकर्लीला पहिली बुडी मारली, मग मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला जाऊन रीतसर शिकली, मग तिला अंदमान दिसू लागलं. गेल्या वर्षी ईदला घरी आली तेव्हा जेवण झाल्यावर मोबाईल पुढे करून म्हणाली, "मामू, हे बघा, मी नायट्रॉक्स पास झाले." पडद्यावर तिचा फोटो, नाव आणि खाली एक क्रमांक असलेलं कार्ड होतं. मी विचारलं, "कुठे जाऊन शिकलीस?" ती म्हणाली, "कुठे नाही. घरीच. सोफ्यावर. तीन तास लागले, शंभरपैकी शंभर."

मी हसलो नाही. त्याचं कारण माझ्या बी.ए.मध्ये आहे. मी दिवसा नोकरी करून, मुक्त विद्यापीठाची पुस्तकं रात्री वाचून बी.ए. झालो. पुढे एका शाळेत मुलाखतीला गेलो, तर समोरच्या तिघांपैकी एक गृहस्थ माझं प्रमाणपत्र उजेडाकडे धरून म्हणाले, "म्हणजे पोस्टातून आलेली बी.ए. म्हणायची!" बाकीचे दोघे हसले. ते हसणं आज तीस वर्षांनीही माझ्या कानातून गेलेलं नाही. त्यामुळे घरी बसून कुणी काही शिकलं तर ते खोटंच, असं माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. मी भाचीला शाबासकी दिली. पण नायट्रॉक्स म्हणजे काय हे मात्र समजावून घेतलं.

एक गैरसमज आधी दूर करतो. समुद्रात बुडी मारणारे पाठीवर ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन जातात, असं आपण सर्रास लिहितो. ते चूक आहे. त्या टाकीत साधी हवा दाबून भरलेली असते, आपण आत्ता घेतो आहोत तीच. साधारण एकवीस टक्के प्राणवायू आणि बाकी बहुतेक सगळा नायट्रोजन. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो, आणि तसा नायट्रोजन अंगात जिरू लागतो. फार जिरला आणि माणूस घाईने वर आला, तर तो रक्तात आणि सांध्यांत बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सोडावॉटरची बाटली फोडल्यासारखंच. त्यात माणूस लुळा पडतो, प्रसंगी मरतोही. म्हणून खाली किती वेळ थांबायचं याला मर्यादा असते.

यावर उपाय म्हणजे टाकीत नायट्रोजन कमी करून प्राणवायू वाढवायचा. बत्तीस टक्के किंवा छत्तीस टक्के. हेच नायट्रॉक्स. तीस मीटरवर साध्या हवेने सुमारे वीस मिनिटं मिळत असतील, तर बत्तीस टक्क्यांच्या मिश्रणाने तीसेक मिळतात. मासे बघणाऱ्याला दहा मिनिटं म्हणजे काय, हे मला भाचीच्या चेहऱ्यावरून कळलं.

आता यातली मेख. पुष्कळांना वाटतं, प्राणवायू जास्त म्हणजे जास्त खोल जाता येईल. उलट आहे. दाबाखाली प्राणवायू स्वतःच विष होतो. पॉल बेर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली ते लिहून ठेवलं. फिट आल्यासारखे आचके येतात. जमिनीवर फिट आली तर चार माणसं धरतात. पाण्याखाली तोंडातली नळी सुटते आणि माणूस बुडतो. शिवाय आधी काही सूचना मिळेलच असं नाही.

जे. बी. एस. हाल्डेन हे नाव काही श्रोत्यांना ठाऊक असेल. १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आलेले, धोतर-कुर्ता घालणारे, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारलेले शास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः दाबाच्या पोलादी कोठडीत बसून प्राणवायू घेत, काय होतं ते बघायला. एकदा असे आचके आले की पाठीच्या मणक्याला इजा झाली. त्याच युद्धात ब्रिटिश आरमाराचे डॉक्टर केनेथ डोनाल्ड यांनी पाणबुड्यांवर शेकडो चाचण्या केल्या आणि त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. एकाच माणसाची सहनशक्ती रोज निराळी असते. काल पाऊण तास काढलेला गडी आज दहा मिनिटांत आचके देतो. म्हणजे "मला चालतं" हे वाक्य इथे कुणालाच म्हणता येत नाही.

म्हणून हिशेब ठरवून टाकला आहे. प्राणवायूचा आंशिक दाब १.४ वातावरणांच्या वर जाऊ द्यायचा नाही. बत्तीस टक्क्यांना त्यातून साधारण तेहतीस मीटरची हद्द येते, छत्तीसला अठ्ठावीसची. हा गुणाकार-भागाकार सातवीतलं पोर करील. सोफ्यावर तर सहज होतो.

या वायूचा इतिहासही गमतीचा आहे. अमेरिकेच्या सागर आणि वातावरण खात्यातले मॉर्गन वेल्स यांनी १९७०च्या दशकात आपल्या शास्त्रज्ञांसाठी ही मिश्रणं वापरात आणली. त्याच खात्यातून निवृत्त झालेले डिक रुटकोव्स्की यांनी १९८५ साली हौशी लोकांना ती शिकवायला संस्था काढली, तेव्हा केवढा गहजब झाला! या वायूला चेटूक म्हणण्यापर्यंत मजल गेली. १९९६ मध्ये सगळ्यात मोठ्या प्रशिक्षण संस्थेने, पाडीने, स्वतःचा नायट्रॉक्स अभ्यासक्रम सुरू केला आणि चेटूक उतरलं. आज तो त्यांच्या सर्वांत लोकप्रिय अभ्यासक्रमांपैकी एक आहे. थिअरी घरी संगणकावर करायची, आणि पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्ष बुडी ऐच्छिक. मात्र एक गोष्ट समोरासमोर करायची असते. प्रशिक्षकाच्या देखत टाकीतला वायू मीटरने मोजायचा.

भाचीने नेमकी तेवढीच गोष्ट केली नव्हती. शिकवणाऱ्याने फोनवर "मोजायचं नंतर करून घेऊ" म्हणून कार्ड पाठवून दिलं होतं. कार्ड खोटं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. संस्थेच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की तिचं नाव येत होतं.

जानेवारीत आम्ही अंदमानला गेलो. सेल्युलर जेल बघायचं म्हणून मी, आणि बुडीसाठी ती. बोटीने हॅवलॉकला पोहोचलो, २०१८ पासून त्याला स्वराज द्वीप म्हणतात. सकाळी सहाला बुडीच्या दुकानात गेलो. तिने कार्ड दाखवलं, काउंटरवरच्या मुलाने क्रमांक लिहून घेतला आणि बाहेर ओळीने ठेवलेल्या टाक्यांकडे बोट दाखवलं. तिच्या टाकीच्या मानेवर पट्टी होती आणि तिच्यावर शाईने ३२ लिहिलेलं. बेत तीस मीटरचा होता.

मीटर तिच्या हातात दिलं. तळहातावर मावेल एवढं यंत्र, त्याला एक नळी. तिने झडप थोडी उघडली, नळी धरली, आकडा स्थिर होऊ दिला. ३२.७. तिने वहीत लिहायला पेन उचललं. मीही मनात म्हटलं, शिकली आहे पोरगी.

बोटीवर सामान चढवणारा एक करेन माणूस तिथे उभा होता. करेन म्हणजे इंग्रजांनी १९२५च्या सुमारास ब्रह्मदेशातून अंदमानात आणून वसवलेले लोक, समुद्रात जन्म काढणारे. वय माझ्याएवढं असावं. त्याने अगदी हळू विचारलं, "मॅडम, हवा में कितना दिखा रहा था?"

भाची त्याच्याकडे बघत राहिली.

मीटर वापरण्याआधी ते नुसत्या हवेत धरायचं असतं. हवेत प्राणवायू किती हे जगाला माहीत आहे, २०.९ टक्के. मीटरने तेवढं दाखवलं पाहिजे, नाही दाखवलं तर खुंटी फिरवून तिथे आणायचं आणि मग टाकीला लावायचं. आतला सेन्सर जुना होतो, तसा तो कमी दाखवू लागतो. आपल्या किराणा दुकानातला काटा आधी शून्यावर आणतात, तसंच. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. अभ्यासक्रमात होतं, त्यावर प्रश्नही होता, तिने बरोबर सोडवला होता. पण हातात मीटर आल्यावर हाताला ते आठवलं नाही.

त्याने मीटर हवेत धरलं. १९.०. खुंटी फिरवून २०.९ केलं. पुन्हा टाकीला लावलं. ३६.०.

पट्टी आधीच्या भरणीची राहिली होती. टाकी नव्याने भरली होती छत्तीसने. पट्टीची चूक आणि मीटरची चूक एकमेकींना अशी जुळली होती की दोन्ही मिळून खरी वाटावीत. आपल्याकडे न पटणाऱ्यांचा छत्तीसचा आकडा म्हणतात. मला त्या दिवशी त्याच्याहून भयंकर वाटलं ते आकड्यांचं हे पटणं.

आता मीठमसाला लावून सांगणार नाही. छत्तीस टक्के घेऊन तीस मीटरवर गेलं तर दाब होतो १.४४. मर्यादेच्या जरासा वर. बहुधा काही झालं नसतं. पण तळ तिथे उतरता आहे, आणि एखादं कासव दिसलं म्हणून माणूस चार मीटर आणखी खाली जातो, आपल्याला तेहतीसपर्यंत मुभा आहे या समजुतीने. मग ते "बहुधा" किती उरतं, हे डोनाल्डनाही सांगता आलं नसतं.

करेन माणसाने जुनी पट्टी फाडली आणि नवी तिच्या हातात दिली. तिने लिहिलं, ३६, खाली २८ मीटर, तारीख, स्वतःची सही. तिचा हात थरथरत होता. मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो, तर तीच म्हणाली, "मामू, नको. टाकी मोजायचं काम माझं होतं."

मला तेव्हा अब्बांची नली आठवली. नली म्हणजे खलाशाचं नोंदीचं पुस्तक, आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांतून ट्रंकेत, कपड्यांच्या घडीखाली जपलेलं असतं. दर सफरीनंतर कप्तान त्यात शिक्का मारी, काम कसं, वर्तणूक कशी. अब्बांना फारसं लिहिता येत नव्हतं. पण शिक्का मारणाऱ्याने त्यांना वादळात दोर ओढताना पाहिलेलं असे. माझी बी.ए. आणि भाचीचं कार्ड यांत मी ईदपासून साम्य शोधत होतो, कारण मला ते हवं होतं. पण माझी परीक्षा तीन तास कागदावर झाली आणि मला पुढे आयुष्यभर कागदावरच काम करायचं होतं. कवितेत आकडा चुकला तर फार तर वृत्त बिघडतं.

ती गेली, चोवीस मीटरच्या खाली न जाण्याचं ठरवून. तो करेन माणूस तिच्याबरोबर उतरला. मी बोटीवर बसून घड्याळाकडे बघत होतो. लाटेवर बुडबुडे येत होते. एका जागी दोघांचे, मग जरा पलीकडे. एकदा ते काही क्षण दिसलेच नाहीत, तेव्हा माझ्या तोंडून अब्बांची दुआ निघाली. सत्तेचाळीस मिनिटांनी तिचं डोकं वर आलं. पहिलं वाक्य, "मामू, केवढी कासवं!"

संध्याकाळी तिने कार्ड देणाऱ्या प्रशिक्षकाला सगळं लिहून कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, अभ्यासक्रम पुन्हा विनाशुल्क करता येईल, सोबत लिंक जोडली आहे. भाचीने ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "परत शंभरपैकी शंभर पडतील."

त्या लिंकवर ती गेली नाही. परतीच्या आदल्या दिवशी सकाळी पुन्हा त्या दुकानात गेली आणि ओळीतल्या अकराही टाक्या तिने त्या करेन माणसाच्या देखत एकेक करून मोजल्या. प्रत्येक वेळी आधी हवेत मीटर धरून. मी शेजारी बाकावर बसून तिने सांगितलेले आकडे वहीत उतरवत होतो. तेवढं मला येतं.