गाव, खुर्द, बुद्रुक आणि वस्ती



शाळेत आपण एकमेकांना आडनावापेक्षा गावाच्या नावानंच जास्त ओळखायचो. म्हणून आज गावांच्या नावांविषयीच चार शब्द बोलतो.

आपल्याकडे कितीतरी गावांची नावं झाडांवरून पडली. वडाचं वडगाव, पिंपळाचं पिंपळगाव, बाभळीचं बाभूळगाव. झाड कधीच गेलेलं असतं, नाव मात्र राहतं. एकाच नावाची दोन गावं शेजारी झाली की दप्तरात घोटाळा व्हायचा. तिथं फारसी शब्द कामी आले. 'बुजुर्ग' म्हणजे थोरला. आपल्या तोंडी त्याचं 'बुद्रुक' झालं. 'खुर्द' म्हणजे धाकटा. पुण्याकडे वडगाव, कोंढवा, आंबेगाव ही तिन्ही गावं अशीच थोरली-धाकटी आहेत. फारसीचा दरबार उठला, मोडीही मागे पडली. पण सातबाऱ्यावर 'बु.' आणि 'खु.' अजून ठाण मांडून आहेत.

ही नावं सांगताना कुणाला संकोच वाटत नाही. पण काही नावं तशी नव्हती. गावानं वस्तीला तिथल्या लोकांच्या जातीचं नाव दिलं आणि तेच पुढे कागदावर चढलं. रेशनकार्डावर तेच, टपालावर तेच. बुद्रुकचा मुलगा पत्ता सांगताना फक्त गाव सांगायचा. वस्तीवरच्या मुलाला पत्त्याबरोबर जातही सांगावी लागायची, तीही भरवर्गात.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची आणि रस्त्यांची अशी जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली गेली. पण पाटी एका दिवसात रंगवून होते, जिभेवरचं नाव जायला पिढी लागते. ती पिढी आपली असावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्यातले बरेचजण आता पुण्या-मुंबईला असतात. जत्रेला, लग्नकार्याला गावी गेलो की रिक्षावाल्याला पत्ता सांगताना, पत्रिकेवर नाव घालताना वस्तीचं नवं नाव आवर्जून वापरू या. जिथं नाव अजून ठरायचं आहे, तिथं ग्रामसभेत पहिला शब्द त्या वस्तीवरच्या माणसांचा असू द्या. पूर्वी त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता तरी विचारू या.