जाणत्यांची पारख

क्रिकेटचा हंगाम जवळ आला, कीं जाणत्यांच्या याद्या बाहेर पडूं लागतात. यंदा कोणता फलंदाज अधिक धांवा काढील, कोणता गोलंदाज अधिक गडी बाद करील, याचा क्रम लावून कोणी तो वर्तमानपत्रांत देतो, कोणी चित्रवाणीवर सांगतो. हंगाम संपल्यावर कोणाचें काय खरें ठरलें हें पाहण्यास मात्र कोणासही सवड नसते. ज्याचें एक भाकीत खरें झालें तो तें वर्षभर मिरवितो. जीं दहा खोटीं ठरलीं तीं तोही विसरतो आणि ऐकणारेही विसरतात. अशा जाणत्यांस तराजूंत घालण्याचा एक मार्ग आहे, आणि गंमत अशी कीं तो एका खेळांतूनच निघालेला आहे.

१९६२ सालीं अमेरिकेंतील ओकलंडचे विल्फ्रेड विंकनबाक व त्यांचे स्नेही यांनीं घरबसल्या खेळावयाचा एक फुटबॉल काढला. (तिकडील फुटबॉल आपल्याहून निराळा, त्यांत चेंडू हातीं घेऊन धांवतात.) प्रत्येकानें खऱ्या खेळाडूंमधून आपला एक काल्पनिक संघ निवडावयाचा, आणि ते खेळाडू खऱ्या मैदानावर जें करून दाखवितील त्याचे गुण त्या संघाच्या खात्यावर मांडावयाचे. एकानें घेतलेला खेळाडू दुसऱ्यास घेतां येत नाहीं. म्हणून आधीं कोणास घ्यावें याला किंमत येते. हाच खेळ पुढें आपल्याकडे क्रिकेटच्या रूपानें आला.

पण आधीं अहिल्यानगर जिल्ह्यांतील एक उदाहरण पाहूं. पूर्वीं अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यानें भारतीय संघास श्रीरामपूरचे झहीर खान दिले, तसेच संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्दचे अजिंक्य रहाणेही दिले. डिसेंबर २०२२ मध्यें कोची येथें आयपीएलचा लिलाव झाला, तेव्हां चेन्नईच्या संघानें इंग्लंडच्या बेन स्टोक्स यांच्यासाठीं १६ कोटि २५ लक्ष रुपये मोजले आणि रहाणे यांस ५० लक्षांत, म्हणजे पायाभूत किंमतीलाच, घेतलें. स्टोक्स पुढच्या हंगामांत दोनच सामने खेळले व त्यांच्या १५ धांवा झाल्या. ८ एप्रिल २०२३ रोजीं वानखेडे मैदानावर मोईन अली आजारी पडल्यामुळें रहाणे यांस ऐन वेळीं जागा मिळाली, आणि त्यांनीं २७ चेंडूंत ६१ धांवा झोडपल्या. हंगामाअखेर त्यांच्या नांवावर १४ सामन्यांत ३२६ धांवा होत्या. चषकही चेन्नईनेंच जिंकला.

यावरून बोली लावणारे जाणते मूर्ख ठरतात काय? तसें म्हणणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. २०२४ सालीं त्याच रहाणे यांच्या १३ सामन्यांत २४२ धांवा झाल्या. आदल्या वर्षाच्या पराक्रमावर भुलून ज्यानें त्यांस यादीच्या माथ्यावर बसविलें असतें, तोही फसला असता. आणि मोईन अली त्या दिवशीं बरे असते तर? एका प्रश्नपत्रिकेवरून मुलाची योग्यता कायमची ठरवूं नये हें शाळेंत सर्वांस कळतें; मैदानाबाहेर आल्यावर तें कोणाच्या लक्षांत राहत नाहीं.

म्हणून प्रयोग असा करावा. हंगामापूर्वीं छापलेल्या आठ जाणत्यांच्या याद्या घ्याव्या. मागाहून दुरुस्त केलेली एकही घेऊं नये. प्रत्येक यादीस एक काल्पनिक मालक नेमावा. त्यानें स्वतःची अक्कल न चालवितां, आपल्या यादींत जो वरचा खेळाडू शिल्लक असेल तो उचलावा. फलंदाज, गोलंदाज, यष्टिरक्षक यांची ठरलेली संख्या तेवढी पाळावी. पहिल्या फेरींत ज्याची पाळी शेवटची, त्याची दुसऱ्या फेरींत पहिली. हंगाम संपल्यावर गुणांची बेरीज करावी. परंतु प्रथम पाळी येणें हेंही एक नशीबच. म्हणून पाळ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून बदलावा आणि तीच निवड पुन्हां पुन्हां, हजार वेळां करावी. संगणकास हें काम क्षणाचें आहे. असें वारंवार खेळवून संभव मोजण्याची कल्पना गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम यांस १९४६ सालीं सुचली. आजारांतून उठून ते एकट्यानें पत्त्यांचा डाव लावीत बसले होते.

या आठांत आणखी दोन अडाणी मालक मात्र अवश्य घालावे. एकानें गेल्या वर्षाच्या गुणांचा क्रम जसाच्या तसा उचलावा, दुसऱ्यानें डोळे मिटून चिठ्ठी काढावी. पहिल्या अडाण्यासही जो जाणता हरवूं शकत नाहीं, त्याचें पांडित्य ऐकण्यांत वेळ घालविण्याचें कारण नाहीं. हजार वेळां खेळवूनही पाळीचेंच नशीब धुऊन निघतें, दुखापतीचें व आजाराचें नाहीं; त्यासाठीं अनेक हंगामांच्या याद्या जपून ठेवाव्या लागतात.

महाराष्ट्रांत जाणत्यांची अशी कसोटी एकदां नीट घेतली गेली आहे, ती मात्र ज्योतिषाची. २००८ सालीं डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आदिकरून मंडळींनीं २०० मुलांच्या पत्रिका जमविल्या; निम्म्या बुद्धिमान विद्यार्थ्यांच्या, निम्म्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषास ४० पत्रिका देऊन कोणती कोणाची हें ओळखावयास सांगितलें. २७ जणांचीं उत्तरें आलीं, आणि सरासरीनें शेंकडा ४६ बरोबर निघालीं. नाणें उडविलें असतें तर शेंकडा ५० निघतीं. सर्वोत्तम ज्योतिषाचीं चाळिसांपैकीं २४ बरोबर होतीं. तो थोर म्हणावा कीं काय? पण २७ जणांनीं नुसतीं नाणीं उडविलीं असतीं, तरी त्यांतील एखाद्यास २४ सहज साधले असते! क्रिकेटच्या जाणत्यांतही दरवर्षीं कोणीतरी पहिला येतोच.

हा हिशेब केवळ करमणुकीचा नाहीं. जाणत्याच्या शब्दावर विसंबून काल्पनिक संघांवर पैसा लावणाऱ्या तरुणांच्या घरांतून किती कमाई वाहून गेली, हें त्या घरांसच ठाऊक. ऑगस्ट २०२५ मध्यें पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या अशा ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा झाला. याद्या मात्र निघतच आहेत. ज्यांस हौस असेल त्यांनीं पुढील हंगामाच्या याद्या कापून एका पाकिटांत घालाव्या, वर तारीख लिहावी, आणि शेवटचा सामना होईपर्यंत तें पाकीट उघडूं नये.