दुधाची रिकामी पिशवी कोणाची?

(कात्रज येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवस उजाडण्यापूर्वी कात्रजच्या सहकारी दूध संघातून गाड्या बाहेर पडतात. जिल्ह्यातील गावोगावच्या गोठ्यांतून आलेले दूध तपासून, तापवून, थंड करून पिशव्यांत भरलेले असते आणि त्या पिशव्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये रचलेल्या असतात. दूधधंद्याची सर्वत्र रीत अशी, की गाडीवाला भरलेले क्रेट उतरवतो, कालचे रिकामे क्रेट मोजून घेतो आणि एखादा कमी भरला तर तो दुकानदाराच्या नावावर मांडतो. क्रेट वर्षानुवर्षे फिरत राहतो. त्यातून आलेली पिशवी मात्र एकच प्रवास करते. दोन्ही वस्तू प्लॅस्टिकच्या, दोन्ही एकाच गाडीतून आलेल्या. मग एक परत का येते आणि दुसरी का येत नाही?

चक्रीय उद्योगाचा, म्हणजे एकदा वापरलेला माल पुन्हा उत्पादनात आणणाऱ्या उद्योगाचा, पुरस्कार आज सरकार आणि कारखानदार दोघेही करतात. या चर्चेत एक वाक्य हमखास येते : तंत्रज्ञान उपलब्ध आहे, परंतु लोकांच्या सवयी बदलत नाहीत. म्हणून प्रबोधनाच्या मोहिमा निघतात, भिंती रंगतात, शाळेतल्या मुलांकडून शपथा घेतल्या जातात. प्रबोधनाला विरोध असण्याचे कारण नाही. तथापि कात्रजच्या दुकानदाराला क्रेट परत करण्याची शपथ कोणी दिलेली नाही. क्रेटला मालक आहे, त्याचा हिशेब आहे आणि तो न परतल्यास कोणाच्या तरी खिशाला चाट बसते, एवढ्यावरच ती सवय उभी आहे.

सवयी नाहीत हे म्हणणेही खरे नाही. मराठी घरांतून कितीतरी गृहिणी दुधाची पिशवी विसळून, वाळवून, साठवून रद्दीवाल्याला किलोवर घालतात. बोहारणीला जुने कपडे देऊन भांडे घेण्याची रीत तर कोणत्याही पर्यावरण खात्याच्या आधीची. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटलीतून मिळत असे, तेव्हा रिकामी बाटली दिल्यावाचून भरलेली मिळत नसे. त्या काळचा मुंबईकर आजच्यापेक्षा अधिक सद्गुणी होता असे मानण्यास आधार नाही. व्यवस्थाच अशी होती, की बाटली फेकणाऱ्याचे दूध बंद होई. पुढे पिशवी आली. ती हलकी होती, फुटत नव्हती, धुण्याचा खर्च नव्हता, आणि हे फायदे खोटे नव्हेत. परंतु बाटली परत घेण्याची जी जबाबदारी दूध विकणाऱ्यावर होती, ती पिशवीबरोबर नाहीशी झाली. वर्तन बदलले ते आधी उद्योगाचे. गिऱ्हाइकाचे त्यामागून बदलले.

ही जबाबदारी पुन्हा बसविण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला, हे विसरता कामा नये. २३ मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेने दुधाच्या पिशवीला सूट दिली, ती अटींवर. पिशवी पन्नास मायक्रॉनहून पातळ नसावी आणि रिकामी पिशवी परत घेण्याची किंमत तिच्यावर छापावी. ही किंमत निदान ५० पैसे. जून २०१९ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितले, की राज्यात रोज सुमारे एक कोटी पिशव्या, म्हणजे ३१ टन प्लॅस्टिक, कचऱ्यात जाते आणि परतीची योजना लवकरच अमलात येईल. तेव्हापासून कितीतरी वर्षे लोटली. दुकानात रिकामी पिशवी देऊन पन्नास पैसे मागणारा गिऱ्हाईक अजून सर्रास दिसत नाही.

या आकड्यांचा थोडा हिशेब करावा. एक कोटी पिशव्यांचे ३१ टन, म्हणजे एक पिशवी साधारण तीन ग्रॅमची आणि किलोमध्ये सव्वातीनशेच्या आसपास पिशव्या. पन्नास पैशांच्या दराने त्या किलोची किंमत १६० रुपयांच्या घरात जाते. भंगारच्या दुकानात त्याच किलोला मिळणारा भाव याच्या जवळपासही नसतो. आणि एक कोटी पिशव्यांवरची अनामत रोज पन्नास लाख रुपये होते. यांतल्या निम्म्या पिशव्या परतल्या नाहीत, तर उरलेले पंचवीस लाख कोणाचे? दूधसंस्थेचे, दुकानदाराचे, की सरकारचे? सवयींवर तासन्‌तास बोलणाऱ्यांकडून हा प्रश्न सहसा ऐकू येत नाही.

पन्नास पैशांसाठी सुखवस्तू घरातील माणूस दुकानापर्यंत चालत जाणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो बरोबर आहे. पण तो गेला नाही म्हणून पिशवी परत जाणार नाही असे नव्हे, कारण पुणे शहरात त्याच्या दारातून ती उचलणारे हात आहेत. १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठातील कार्यकर्त्या यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्या बहुतांशी दलित समाजातील. पुण्याच्या उद्योगाचे जे काही चक्र आज फिरते आहे, ते त्यांच्या पाठीवर फिरते. ओल्या कचऱ्यात बुडवून दिलेली पिशवी त्यांनी हाताने निवडावी लागते. ‘सवय’ या निरुपद्रवी शब्दाआड दडलेली जात येथे उघडी पडते : घाण करणारा आणि ती निवडणारा यांची वाटणी आधीच झालेली आहे, हे गृहीत धरूनच कचरा एकत्र करून दारात ठेवला जातो.

याच स्त्रियांनी २०१३ साली वर्तनाचा एक वेगळा धडा दिला. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उघडे हाताळावे लागतात म्हणून त्यांनी ते गोळा करून उत्पादक कंपन्यांकडेच परत पाठविले. २०१६ च्या घनकचरा नियमांत अशा वस्तूंसोबत गुंडाळण्याचे वेष्टन देण्याचे कर्तव्य उत्पादकांवर आले. घरातल्या बाईने वर्तमानपत्रात नीट गुंडाळावे, असा उपदेश त्याआधी पुष्कळ झाला होता.

तेव्हा अनामतीचे पन्नास पैसे पिशवी आणून देणाऱ्याला मिळाले पाहिजेत, मग ती आणणारी व्यक्ती विकत घेणारी असो वा वेचणारी. यंत्रे बसवून किंवा एखाद्या ठेकेदाराला मक्ता देऊन ही परतफेड झाली, तर आज वेचकांच्या हाती लागणारा मालही काढून घेतला जाईल आणि त्यालाच चक्रीय उद्योग म्हटले जाईल. आजही बाजाराची सगळी जोखीम त्यांच्यावरच आहे. खनिज तेल उतरले की नवे प्लॅस्टिक स्वस्त होते, जुन्याचा भाव पडतो. तेवढेच ओझे वाहून हाती कमी पैसे येतात. छापील परतीची किंमत या चढउतारापासून निदान एका मालापुरते संरक्षण देईल.

एक अडचण समाजवाद्यांनी तरी टाळू नये. कात्रजचा संघ भांडवलदाराचा नव्हे, दूध उत्पादकांचा आहे. पिशव्या परत घेणे, मोजणे, आंबलेल्या वासासकट साठवणे यांना खर्च येतो. तो शेतकऱ्याच्या दूधदरातून कापला गेला, तर एका कष्टकऱ्याचे देणे दुसऱ्याच्या माथी मारल्यासारखे होईल. सहकारी संघाने नियम पाळायचा आणि खाजगी डेअरीने तो टाळून स्वस्त विकायचे, असेही चालणार नाही. म्हणून अट सर्वांना एकाच दिवशी लागू झाली पाहिजे, आणि न परतलेल्या अनामतीतूनच हाताळणीचा खर्च भागला पाहिजे. शिवाय पिशवी परतली तरी तिची पुन्हा दुधाची पिशवी सहसा होत नाही. नळ्या होतात, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या होतात. तेव्हा हे चक्र कमी आणि उतरता जिना अधिक. जेथे वाटप जवळचे आहे तेथे बाटली पुन्हा परवडते का, याचा हिशेब संघाच्या सभासदांनीच मांडून पाहावा.

कात्रज परिसरातील कार्यकर्त्यांना यासाठी मोर्च्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दुकानादुकानांतून मिळणाऱ्या प्रत्येक छापाच्या पिशवीवर परतीची किंमत आहे की नाही, असल्यास ती देतो कोण, याची नोंद महिनाभर करता येईल. ती नोंद घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाताना सोबत वॉर्डातील कचरावेचक स्त्रिया आणि दूध घालणारे दोन-चार शेतकरी, दोघेही असावेत.