मूळ आकाराचा शोध



 या विज्ञान संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आज मला एकाच विषयावर बोलायचे आहे: विषाणू पेशीत शिरतो कसा, आणि ते समजून घ्यायला लागणारा धीर आपण समाज म्हणून दाखवणार आहोत का?

इन्फ्लुएन्झा, एचआयव्ही, करोना, डेंग्यू या साऱ्या विषाणूंभोवती मेदाचे आवरण असते. आपल्या पेशीचे पटलही मेदाचेच. ही दोन पटले एकजीव झाली, तरच विषाणूचे जनुकीय द्रव्य आत उतरते. पण ती आपणहून जवळ येत नाहीत. त्यांच्या पृष्ठभागाला धरून राहिलेले पाणी हटवायला ऊर्जा लागते आणि विषाणूला तर स्वतःचा चयापचयच नसतो. ही ऊर्जा येते आवरणावरच्या प्रथिनाच्या घडीतून. चाप ओढून ठेवलेल्या सापळ्यासारखे हे प्रथिन ताणलेल्या अवस्थेत तयार असते.

करोनाचे काटेरी प्रथिन आधी पेशीवरच्या एसीई-२ या ग्राहीला चिकटते. पेशीचीच विकरे त्याला ठरावीक जागी छेद देतात. मग आत दडलेला जलविरोधी तुकडा बाहेर येऊन पेशीच्या पटलात रुततो, प्रथिन मधोमध दुमडते आणि दोन्ही पटले एकमेकांकडे खेचली जातात. प्रथम बाहेरचे थर मिसळतात, मग आतले. छिद्र उघडते आणि संसर्ग सुरू होतो. इन्फ्लुएन्झाचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन पेशीवरच्या सियालिक आम्लाला चिकटते आणि पेशीने गिळल्यावर तिच्या आतल्या पिशवीतील आम्लतेने उलगडते. डॉन वायली, जॉन स्केहेल आणि इयन विल्सन यांनी १९८१ साली त्याचा मूळ आकार दाखवला. आम्लतेत बदललेला आकार दिसायला १९९४ साल उजाडले. एकच प्रथिन, आकार दोन.

या दोन आकारांतला फरक किती मोलाचा आहे, हे आरएसव्ही या विषाणूने शिकवले. तान्ह्या मुलांच्या फुफ्फुसांना तो ग्रासतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत फॉर्मालिनने निष्क्रिय केलेली त्याची लस बाळांना दिली गेली. लस घेतलेल्या ज्या बाळांना पुढे संसर्ग झाला, त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के बाळांना रुग्णालयात ठेवावे लागले. दोन बाळे दगावली. त्यानंतर कित्येक दशके हे क्षेत्र धास्तावलेले राहिले. या लशीतले प्रथिन बहुतांशी दुमडून गेलेल्या आकारात होते, हे पुढे उमगले. विषाणूला खरोखर अडवणारी सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे मात्र मूळ आकाराच्या टोकाला चिकटतात आणि दुमडल्यावर ती जागाच उरत नाही. जेसन मॅकलेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तो मूळ आकार टिपला आणि स्थिरही केला. २०२३ मध्ये अमेरिकेत वृद्धांसाठी आणि गर्भवतींसाठी लशी मंजूर झाल्या. बाळाचे रक्षण आता आईच्या प्रतिपिंडांतून होऊ शकते.

हेच ज्ञान करोनाच्याच कुळातल्या मर्स विषाणूच्या अभ्यासात वापरले गेले. २०१७ मध्ये दाखवून दिले गेले की दोन जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल बसवले, तर काटेरी प्रथिन मूळ आकारातच राहते. २०२० साली महासाथ आली, तेव्हा ही युक्ती हाताशी तयार होती. मॉडर्ना आणि फायझरच्या लशींत ती आहे. पुण्यात तयार झालेल्या कोव्होव्हॅक्समध्येही आहे. लस वर्षभरात आली, असे आपण म्हणतो. तिच्यामागे संकटाची चाहूलही नव्हती तेव्हा केलेले काम उभे होते.

आता आपल्या दाराशी पाहा. माकडतापाचा विषाणू १९५७ साली शिमोग्याच्या जंगलात सापडला आणि त्याचा शोध पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानेच लावला. आज हा आजार सिंधुदुर्ग आणि गोव्यापर्यंत आला आहे. काजूच्या बागेत, रानात राबणारी माणसे त्याने आजारी पडतात. त्याची जुनी लसही फॉर्मालिनने निष्क्रिय केलेली होती आणि तिचे संरक्षण अपुरे पडले. हा विषाणू डेंग्यूच्याच कुळातला. या कुळातली आवरण-प्रथिने पृष्ठभागावर जोडीने आडवी पहुडलेली असतात. आम्लता मिळताच तीन-तीन एकत्र येऊन उभी राहतात. या प्रथिनाचा कोणता आकार लशीत टिकवायचा, हा प्रश्न आपला आहे आणि त्याचे उत्तर शोधण्याची पहिली जबाबदारीही आपलीच आहे.

लस बनवण्यात महाराष्ट्राने जगात नाव मिळवले आहे. लस कशी असावी हे ठरवणारे मूलभूत ज्ञानही इथे घडले पाहिजे. म्हणून शासनाला आणि उद्योगांना माझे आवाहन आहे: साथ ओसरल्यावर निधी आटू देऊ नका, दहा-पंधरा वर्षे चालणाऱ्या संशोधनाला आधार द्या. आणि विद्यार्थी मित्रहो, फळ दिसायला वेळ लागेल म्हणून असा विषय सोडू नका. पुढच्या साथीत वाचणारे जीव आजच्या या कामावर अवलंबून आहेत.