शंभरी गाठली, पण वय मोजलं कुणी?

आज बोलूया शंभरी पार केलेल्या माणसांबद्दल.

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, एखाद्या आजींची शंभरी झाली की पेढे वाटले जातात, पेपरात फोटो येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आजी, तुम्ही खाता काय?" मला वाटतं, त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. आजींचं वय मोजलं कुणी?

आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत शंभर आणि त्यापुढचं वय असलेले सहा लाखांहून जास्त लोक नोंदवले गेले. दीर्घायुष्यासाठी नावाजलेल्या जपानमध्ये २०२४ साली ही संख्या होती ९५,११९. बरं, आपली लोकसंख्या मोठी, असं म्हणू. पण २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी निवडणूक आयोगाने शंभरीपुढचे मतदार सांगितले २ लाख १८ हजार. तेरा वर्षांत शतायुषी वाढायचे, तर ते निम्म्याहून कमी कसे झाले?

यात कुणी खोटं बोललं असं नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदाच १९६९ चा आहे. त्याआधी खेड्यात मास्तर शाळेत नाव घालताना १ जून तारीख टाकायचे. जी शाळेतच गेली नाही, तिचं वय पुढे कधीतरी रेशनकार्डावर अंदाजाने पडलं आणि तेच आधारवर गेलं.

वयावरून अडणं ही जुनी गोष्ट आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे १८७५ साली एका परीक्षेसाठी कोकणातल्या मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले. तिथे साहेब म्हणाले, तू सतरा वर्षांचा वाटत नाहीस, आणि परत पाठवलं! हेच कर्वे पुढे १०४ वर्षं जगले. जन्म १८ एप्रिल १८५८, निधन ९ नोव्हेंबर १९६२. त्यांच्या वयाबद्दल आज वाद नाही, कारण तारीख लिहिलेली आहे. पण त्याच काळात शेतमजुराच्या घरी जन्मलेल्या मुलीची तारीख कोण लिहून ठेवणार? म्हणजे शंभरीचा पुरावा मिळणं हेसुद्धा जात, शिक्षण आणि बाई की पुरुष यावर ठरतं.

मग तपासायचं कसं? आपल्याकडे एक चांगली खूण आहे, बहात्तरचा दुष्काळ. समजा, आजी सांगतात, "खडी फोडायला जायचे तेव्हा धाकटा पोटात होता." १९२५ साली जन्मलेली बाई १९७२ ला ४७ वर्षांची. त्या वयात गरोदर राहणं फार क्वचित. म्हणजे आजी नव्वदीच्या आसपासच्या असण्याची शक्यता जास्त. थोरल्या लेकाचं वय, लग्न स्वातंत्र्याआधी की नंतर, अशा दोन-तीन खुणा जुळवल्या की चित्र बरंच स्पष्ट होतं.

वय नीट तपासलेल्या देशांतही एक गोष्ट पक्की दिसते: शतायुषींमध्ये बायका खूप जास्त. जपानमध्ये शंभरातल्या ८८. आपल्याकडे नवऱ्यांची वयं आधीच जास्त असायची, त्यामुळे इतकं जगणं म्हणजे बहुतेक वेळा कित्येक वर्षांचं वैधव्य. नावावर जमीन नाही, हातात पैसा नाही. मग आयुष्य टिकतं ते घरात कोण आहे यावर.

आणि इथेच आपल्या जिल्ह्याचा प्रश्न येतो. पाथर्डी-शेवगावकडे दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो. नवरा-बायको ऊसतोडीला जातात, चार-पाच महिने गावात राहतात म्हातारी माणसं आणि नातवंडं. ज्या सुनेने आजींना जेवायला वाढायचं, ती कारखान्यावर पाल टाकून. उलट आजीच नातवंडांना भाकरी करून घालते. बाजरीचं कौतुक जरूर करा, पण ती भाकरी थापतंय कोण, तेही बघा.

म्हणून खरं वय महत्त्वाचं. कागदावर शतायुषी जास्त दिसले की वाटतं, आपले म्हातारे मजेत आहेत. ८८ वर्षांच्या बाईला १०२ ची म्हणून हार घालून काय उपयोग? तिला गावात तपासायला येणारी नर्स हवी, वेळेवर निराधारचे पैसे हवेत.

या आठवड्यात एक करा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ अर्धा तास बसा. बहात्तरला तुम्ही कुठे होता, पोरं केवढी होती, एवढं विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आकडा शंभरच्या आत आला तरी पेढे वाटायला हरकत नाही.